तुकडा कुठून कापला

गजभिये मॅडमसमोर 'म्हणजे जसं की' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हणालंच तर त्या हात वर करून त्याला मध्येच थांबवत. "जसं की नको. जे आहे ते सांग." मग समोर कंपनीचा डायरेक्टर असो की दुपारी सँडविचची गाडी घेऊन येणारा माणूस. दाखला दिला की माणसाला वाटतं आपल्याला समजलं, आणि मग तो बघायचं सोडून देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला माणूस. आमच्या पिंपरीच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. दाखल्याशिवाय मला वाक्य सुचत नसे. त्यामुळे मॅडमशी माझी पहिले सहा महिने भांडणंच झाली.

लेस्टरच्या बाहेर, रिंग रोडला लागून असलेल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची कंपनी होती. काचेच्या तंतूंचं कापड आणि रेझिन यांची पॅनल तिथे बनत. आधी बोटींसाठी बनत, मग बससाठी, आणि मी गेलो त्या काळात मुख्यतः ट्रेनच्या डब्यांच्या आतल्या भिंतींसाठी. डॉ. वंदना गजभिये तिथे क्वालिटी मॅनेजर होत्या. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय एकही पॅनल गेटबाहेर जात नसे. मी डिझाइन विभागात होतो, त्यांच्या हाताखाली नव्हे. पण अख्ख्या कंपनीत मराठी बोलणारे आम्ही तिघंच. तिसरे होते टेक्निकल डायरेक्टर, डॉ. साठे.

मॅडम नागपूरच्या. वडील कापड गिरणीत होते. शिष्यवृत्तीवर शिकून त्या इंग्लंडला पीएच.डी.साठी आल्या आणि इथल्याच झाल्या. पन्नाशी उलटलेली, उंचीला बेताच्या. सलवार-कमीजवर लांबून दिसणारं पिवळं हाय-व्हिज जॅकेट, पायात पोलादी टोकाचे बूट, आणि जॅकेटच्या खिशात दोन पेन्सचं एक नाणं. त्या नाण्याने त्या पॅनल ठोकून बघत. आत थर सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो. पण सवय अशी लागली होती की त्या कुठेही ठोकत. बँकेच्या काउंटरवर, दवाखान्याच्या दारावर, आणि एकदा मराठी मंडळाच्या गणपतीत थेट मखरावर. यजमानीणबाई गांगरल्या. "काही नाही हो," मॅडम म्हणाल्या, "थर्माकोल आहे, भक्कम आहे. चालू द्या आरती."

त्याच गणपतीत डॉ. साठ्यांनी त्यांची ओळख करून दिली होती. साठे मंडळाचे माजी अध्यक्ष, गाण्याचे शौकीन, आवाज मऊ. पंचवीस-तीस जण हातात प्रसादाच्या प्लेट घेऊन उभे होते. "या आमच्या वंदनाताई," साठे म्हणाले, "फार चिकाटीच्या. त्यांच्या समाजातून इतकं वर येणं सोपं नसतं."

लोकांनी कौतुकाने मान डोलावली. माझ्या डोक्यात जाळ झाला. मॅडमनी मात्र मोदक संपवला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "चिकाटी कसली डॉक्टर? तुमच्या समाजात ऐकणारे कमी, म्हणून एकच गोष्ट मला चारदा सांगावी लागते."

साठे मोठ्याने हसले. ते नेहमी हसत. हसण्याखाली गोष्ट पुरून टाकायची कला त्यांच्याइतकी मी कुणात पाहिली नाही.

आता पॅनलबद्दल सांगायला हवं, कारण मॅडमबद्दल जे सांगायचं आहे ते सगळं त्या पॅनलमध्येच आहे.

साच्यात काचेचं कोरडं कापड थरावर थर अंथरतात. वरून प्लॅस्टिक लावून कडा बंद करतात आणि एका टोकाने पंप लावून आतली हवा ओढून घेतात. मग दुसऱ्या टोकाच्या नळीतून रेझिन आत शिरतं आणि कापड भिजवत भिजवत पुढे सरकतं. पॅनल लांबलचक असतं, रेझिन मधासारखं चालतं. ते घट्ट झालं की पॅनल तयार. ट्रेनची पॅनल आगीत पेटू नयेत म्हणून रेझिनमध्ये एक पांढरी पूड मिसळत. ज्वाळा लागली की ती पूड पाणी सोडते आणि आग विझते. प्रत्येक पॅनलमधून एक पट्टी कापायची, ती ज्वाळेवर धरायची, विझली तर पॅनल पास. पट्टी कापायचा कॉलिन. तो शॉपफ्लोअरचा फोरमन, शाळा सुटल्यापासून याच छताखाली काम करत आलेला.

एकदा रंगाची फवारणी बिघडली आणि एक पॅनल रंगाविनाच साच्यातून बाहेर आलं. बाद माल म्हणून कॉलिनने ते खिडकीला टेकवून ठेवलं. दिवसभरात तिथून सगळे गेले. मीही गेलो. मॅडम गेल्या आणि थांबल्या.

"काय दिसते रे?" त्यांनी मला विचारलं.

"रंग नाही लागलेला."

"ते तर आंधळ्यालेही दिसते. अजून?"

मी पाहिलं. बाहेरचा उजेड पॅनलमधून येत होता. नळीकडचं टोक दुधासारखं पांढरं, पलीकडचं काहीच दिसू न देणारं. तिथून पांढरेपणा हळूहळू विरत गेला होता, आणि दुसऱ्या टोकाला पॅनल पिवळसर, पारदर्शक, चाटून घ्यावं असं. त्यातून पलीकडे कॉलिनची फोर्कलिफ्ट जाताना दिसली.

"पूड," मी म्हणालो.

"तिकडं गेलीच नाही ना बापा," मॅडम म्हणाल्या. "कापडानं अडवली. सगळी इथंच, तोंडाशी बसली. पुढं गेलं ते निव्वळ रेझिन. आणि रेझिन कसं पेटते ते तुले माहीत आहे." रागावल्या की मॅडमची भाषा थेट नागपूरला जाई.

मग त्या कॉलिनकडे वळल्या. लेस्टरकडे लोक मायेने एकमेकांना 'डक' म्हणतात. कॉलिन मॅडमना 'डक' म्हणे, आणि मॅडमही त्याला उलट 'डक' म्हणत.

"डक, टेस्टची पट्टी तू कुठून कापतोस?"

"नळीच्या टोकाकडून. तिथे साच्याला जास्तीची कड असते ना, ती वायाच जाते. कशाला चांगलं पॅनल नासवायचं?"

"नेहमी तिथूनच?"

"बोटींच्या दिवसांपासून. मला शिकवलं त्यानेही तिथूनच कापली." मग कॉलिनने खिडकीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. "ओह. ओह, नो."

यात कुणी लबाडी केली नव्हती, हे मला आवर्जून लिहायचं आहे. बोटींच्या रेझिनमध्ये पूड नव्हती; पट्टी कुठूनही कापा, सारखीच. मग ट्रेनचं काम आलं, पूड आली, आणि सवय तीच राहिली. जिथे सगळी पूड साचत होती नेमक्या तिथूनच पट्टी कापली जात होती. त्यामुळे प्रत्येक पट्टी विझत होती. प्रत्येक कागद खरा होता आणि प्रत्येक पॅनल खोटं होतं.

पॅनलचं नळीकडचं टोक डब्यात दाराच्या चौकटीला बोल्ट केलं जाई. म्हणजे दाराजवळ बसणाऱ्याच्या पाठीशी विझणारी भिंत, आणि डब्याच्या मध्यभागी बसणाऱ्याच्या पाठीशी पेटणारी. आणि अशी पॅनल लागलेले डबे तेव्हाच रुळांवर धावत होते.

मॅडमनी मीटिंग बोलावली. साठे होते, कॉलिन होता, ड्रॉइंग माझी म्हणून मलाही बोलावलं होतं. मॅडमनी टेबलावर बागेला पाणी घालायच्या पारदर्शक पाइपचा एक तुकडा ठेवला. त्यात काचेचं कापड ठासून भरलेलं. पूड पाण्यात कालवून त्यांनी एका टोकातून ओतली आणि दुसऱ्या टोकाखाली साठ्यांचाच कॉफीचा मग ठेवला. पाइपचं तोंड पांढरं झालं. मगमध्ये नितळ पाणी पडलं. मॅडमनी तो मग साठ्यांपुढे सरकवला.

"यात पूड दाखवा डॉक्टर."

मग त्यांनी दोन पट्ट्या काढल्या. एक इकडची, नळीच्या टोकाची, एक तिकडची. कंपनीच्या आवारात जाऊन त्यांनी दोन्ही पेटवल्या. इकडची विझली. तिकडची धडधडून जळाली, आणि तिचा धूर इतका काळा की शेजारच्या बिस्किटांच्या गोदामातून एक माणूस बादली घेऊन धावत आला.

"वंदनाताई," साठे शांतपणे म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता."

"मी मनाला काही लावत नाही डॉक्टर. मी काडी लावते. तुम्ही पाहिलंत."

उपायही त्यांच्याकडे तयार होता. रेझिन एका टोकाऐवजी पॅनलच्या लांबीभर अनेक नळ्यांनी सोडायचं. मग प्रत्येक नळीला थोडंच अंतर जावं लागेल आणि पूड सगळीकडे पोचेल. त्यासाठी साचे बदलावे लागणार होते, काम काही काळ थांबवावं लागणार होतं. आणि बसवलेली पॅनल परत मागवावी लागणार होती.

साठ्यांनी सगळं ऐकून घेतलं, टिपून घेतलं, आभार मानले. पुढच्या आठवड्यात शॉपफ्लोअरवर नवी सूचना लागली. मी ती वाचली तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा वाचली. तिच्यात लिहिलं होतं, चाचणीची पट्टी यापुढे नळीच्या टोकाकडूनच कापली जाईल. खाली साठ्यांची सही.

म्हणजे बघा. सवयीने घडत होतं तोवर ती चूक होती. कुणी दाखवून दिल्यावर तीच गोष्ट नियम म्हणून भिंतीवर लावली, तेव्हा तो गुन्हा झाला. आणि हा गुन्हा एका सुसंस्कृत, मऊ आवाजाच्या, गाण्यातलं कळणाऱ्या माणसाने भर दिवसा, सही करून केला. चाचणीच्या नियमात कुठूनही कापा असं होतं, आम्ही फक्त जागा निश्चित केली, असं तो म्हणाला. इंग्लंडमध्ये आल्यापासून मी एक शब्द वरचेवर ऐकत होतो, 'डिफिकल्ट'. त्या महिन्यात मला त्याचा अर्थ कळला. जो बरोबर असतो आणि तरी गप्प बसत नाही, त्याला हे लोक डिफिकल्ट म्हणतात.

मॅडमनी शिक्का मारायचं बंद केलं. पॅनलच्या रांगा लागल्या. मग एका सकाळी शिक्का त्यांच्या टेबलावरून साठ्यांच्या टेबलावर गेला, आणि मॅडमना पलीकडच्या इमारतीत एक खोली आणि 'सीनियर अ‍ॅडव्हायझर' ही पाटी मिळाली. कॉलिनने त्यांचं सामान हातगाडीवर घालून नेऊन दिलं. जाताना तो मला म्हणाला, "मी अजून तिथूनच कापतोय. नाही कापली तर दुसरा कुणी कापेल. माझं वय काय, मी कुठे जाणार?" मला त्याचा राग आला नाही. राग ज्यांचा करायचा ते वर बसले होते.

मी माझ्या परीने करायचं ते केलं. पुण्याच्या एका छोट्या मासिकासाठी जळजळीत लेख लिहिला. शनिवारी मॅडमच्या घरी गेलो. बेलग्रेव्ह रोडच्या मागे त्यांचं छोटं घर होतं. त्या स्वयंपाकघरात वांग्याची भाजी परतत होत्या. मी लेख वाचून दाखवला. त्यात होतं, की हा समाज म्हणजे असंच पॅनल आहे, जे काही संरक्षण आहे ते तोंडाशी बसलेल्यांनी अडवून ठेवलंय, शेवटच्या टोकाला काहीच पोचत नाही, आणि देशाची प्रगती मोजायला पट्टी मात्र तोंडाकडूनच कापतात.

मॅडमनी गॅस बारीक केला. "छान लिहिलंस."

"खरंच?"

"हो. यात पॅनल कुठंय?"

"मॅडम, पॅनल हे प्रतीक—"

"तेच म्हणून राहिले मी. पॅनल होतं, तू त्याचं प्रतीक केलं. आता लोक वाचतील, वा म्हणतील, टाळ्या वाजवतील आणि ट्रेननं घरी जातील. त्याच ट्रेननं." त्यांनी भाजीत तिखट टाकलं. "समाजाचं खोटं नाही म्हणत मी. त्यात मी जन्मले, मले काय सांगतो? पण ही भिंत समाज नाही. ही भिंत आहे. तिले टेकून माणूस बसते. खोड ते."

मी खोडलं नाही, पण छापायलाही दिलं नाही.

तेवढ्यात रीडिंगहून त्यांच्या मुलीचा फोन आला. ती तिकडे आयटीत होती, इंग्लंडमध्येच जन्मलेली. फोन स्पीकरवर होता, कारण मॅडमचे हात तिखटाचे होते.

"आई, प्लीज लेट इट गो ना. तू ऑलरेडी सांगितला सगळ्यांना. इट्स ऑन देम नाऊ."

"त्यांच्यावर आलं म्हणजे भिंत पेटायची थांबली का?"

"आई, तुझी जॉब जाईल!"

"जाऊ दे. नेहा, तू येताना ट्रेननं येऊ नको. गाडीनं ये."

मग मुलगी म्हणाली, "ओके."

मॅडम गेल्या त्या थेट डबे बनवणाऱ्या कंपनीत, जिथे आमची पॅनल जात. अपॉइंटमेंट न घेता. दोन पट्ट्या पिशवीत, वर काडेपेटी. रिसेप्शनवरच्या मुलीने काडेपेटी जप्त केली. एक इंजिनिअर भेटायला खाली आला, सज्जन होता, त्याने सगळं ऐकलं. मग तो म्हणाला, "पण आमच्याकडे प्रत्येक पॅनलचं सर्टिफिकेट आहे."

"तेच तर सांगतेय, की सर्टिफिकेट आहे," मॅडम म्हणाल्या.

तो इंजिनिअर विचारात पडला होता म्हणे. पण त्याच संध्याकाळी तिकडून साठ्यांना फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीची गुपितं बाहेर नेल्याबद्दल मॅडमना काढून टाकण्यात आलं.

प्रकरण नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये गेलं. मी साक्षीला उभा राहिलो. कॉलिनही राहिला, आणि त्याने सगळं खरं सांगितलं. त्याबद्दल त्याला मी मानतो. मॅडम जिंकल्या. त्यांना चुकीच्या पद्धतीने काढलं, असं ठरलं. पण ट्रिब्युनलपुढचा प्रश्न तेवढाच होता. मॅडम पट्ट्या घेऊन बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना सभ्यपणे सांगितलं गेलं, की पॅनल पेटतं की नाही हा आजचा विषय नाही. मग तो विषय कोणत्या दिवशीचा? त्यानंतर त्या कचेऱ्यांमागून कचेऱ्या फिरल्या. प्रत्येक ठिकाणी फाइल उघडली जाई, सर्टिफिकेटं पूर्ण सापडत, फाइल बंद होई. न्याय मॅडमना मिळाला. भिंतीला कुणी हात लावला नाही.

साठे पुढच्या गणपतीत मला भेटले तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ, इतकं झालं, पण आग लागली का कुठे? नाही ना?"

मी त्यांचा हात काढला. आग लागली नाही, हा त्यांचा पुरावा होता. शिकलेला माणूस, विज्ञानाचा डॉक्टर, आणि तो माणसं जळायची वाट बघून चाचणी घेणार होता. यावर मी तिथे, आरतीच्या आधी, जे बोललो ते इथे लिहीत नाही. पुन्हा मला मंडळात बोलावलं गेलं नाही.

माझा व्हिसा संपत आला. पुण्याला परतण्याआधी एकदा मॅडमबरोबर लंडनला गेलो. तिथे एका खासदाराने त्यांना थोडा वेळ दिला होता. लेस्टरला प्लॅटफॉर्मवर गाडी आली आणि आम्ही चढलो. आमचीच पॅनल. खिडकीखालच्या खोबणीवरून मी ओळखली. ती ड्रॉइंगमध्ये मीच काढलेली. मॅडमनी सांगून ठेवल्याप्रमाणे मी तिकिटं दाराजवळच्या सीटची काढली होती. गाडी भरत गेली. एक तरुण बाई पुशचेअर आणि एक चारेक वर्षांची मुलगी घेऊन चढली आणि डब्याच्या मध्यावर, एका रिकाम्या सीटवर मुलीला मांडीवर घेऊन बसली. मुलीने डोकं भिंतीला टेकवलं.

मॅडमनी ते पाहिलं. त्या उठल्या.

"डक," त्या बाईला म्हणाल्या, "तू माझ्या जागेवर बस. तिथे पुशचेअरला जागा आहे."

"अहो नको, आम्ही बसतो इथे."

"बस गं. मला इथे बरं वाटतं."

बाई संकोचाने उठली, मुलीला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मलाही बसवेना. मी उठून मॅडमकडे निघालो, तर त्यांनी लांबूनच हाताने खाली बस अशी खूण केली, अशी काही कडक, की मी बसलो. त्यांच्या आजूबाजूला माणसं होती. पेपर वाचणारी, झोपलेली, एक म्हातारा त्याच्या बायकोला मोसंबी सोलून देत होता. मॅडमनी त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्यांच्यापाशी दुसऱ्याला द्यायला एकच सीट होती, ती देऊन झाली होती.

गाडी सुटली. माझ्या शेजारच्या मुलीने त्यांच्याकडे बघून हात हलवला. मॅडमनीही हलवला. मग त्या मागे रेलल्या, आणि त्यांच्या पाठीशी ती भिंत होती. पांढरी, गुळगुळीत, सर्टिफिकेट असलेली.